सुप्याचा माळ, उजनीचा फुगवटा: मुलांना घेऊन दोन दिवस

मुलांना जंगल दाखवायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ताडोबाचं. मग चार दिवसांची रजा, कितीतरी आधी केलेलं बुकिंग, रेल्वेचं वेटिंग. आणि एवढं करून जिप्सीत बसल्यावर सहा वर्षांच्या मुलाचा एकच प्रश्न: वाघ कधी येणार? वाघ दिसला नाही तर ट्रिप वाया गेली असं घरातली मोठी माणसंच म्हणतात, आणि मूल ते ऐकतं. ताडोबा पाहावंच, पण मूल थोडं मोठं झाल्यावर. त्याआधीची वर्षं माळरानाची आणि उथळ पाण्याची आहेत. तिथे जनावर उघड्यावर असतं, लांबून दिसतं आणि बराच वेळ दिसत राहतं. बोट दाखवून, दुर्बीण डोळ्याला लावून, चुकलं तर पुन्हा शोधून पाहायला मुलाला सवड मिळते. दाट जंगलात ती मिळत नाही.

पुणेकरांना या दोन्ही गोष्टी सोलापूर रस्त्यावर, दोन-अडीच तासांच्या आत मिळतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली घोषित झालेलं, जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं, चिंकारा या लहान चणीच्या हरणासाठी राखलेलं. आणि इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागे पसरलेलं पाणी आहे, जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी उतरतात. शनिवारी दुपारी जेवून निघायचं, संध्याकाळ माळावर काढायची, मुक्काम कुंभारगाव किंवा भिगवणला, रविवारी उजाडताना होडीत, आणि दुपारपर्यंत परतीच्या वाटेवर. बरेच जण रविवारी पहाटे चारला निघून एका दिवसात भिगवण उरकतात. मोठ्यांना ते जमतं. लहान मूल मात्र चारला उठवलं की गाडीत झोपतं, उन्हं वर आल्यावर चिडचिडं होतं आणि नेमक्या होडीच्या वेळी उलटी काढतं. मुक्काम केला की पहाटेचा प्रवासच उरत नाही, म्हणून मुलं बरोबर असतील तर मुक्कामच करावा.

कधी जायचं, हे कॅलेंडरपेक्षा धरणाचं पाणी ठरवतं. बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. भीमेवरचा हा जलाशय, त्याचं नाव यशवंतसागर, साठा शंभर टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. पावसाळ्यानंतर तो काठोकाठ असतो आणि मग शेती, गावं आणि सोलापूरसाठी पाणी सुटत जातं तसा उतरतो. मोठा फ्लेमिंगो चिखल चाळून खाणारा पक्षी. त्याला पाय टेकतील एवढं, फार तर पोटाला लागेल एवढं पाणी हवं. धरण जानेवारीतही भरलेलं असेल तर किनारा सरळ खोल उतरतो, उथळ चिखल उघडाच पडत नाही आणि पक्षी उशिरा येतात किंवा पसरून राहतात. पाणी मागे सरलं की सपाट गाळाची जमीन उघडी पडते, तिच्या कडेला वीतभर पाणी राहतं आणि मग थवे जमतात. साधारण जानेवारी ते मार्चअखेर हा काळ चांगला, पण वर्षागणिक तो पुढेमागे होतो. वर्तमानपत्रात उजनीची टक्केवारी रोज येते. ती शंभराजवळ असेल तर फ्लेमिंगोचं वचन मुलांना देऊ नका. निम्म्याखाली आली की आशा धरायला हरकत नाही. उजनी 'मायनस'मध्ये गेली, असं सोलापूरकडची माणसं म्हणतात. म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला. तोवर एप्रिल-मे उजाडलेला असतो, ऊन मुलांना सोसत नाही. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जाण्याआधी तीन-चार दिवस नाववाल्याला किंवा जिथे राहणार त्या घरी फोन करून विचारणं: पक्षी आले का, आणि काठापासून किती लांब आहेत. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

फ्लेमिंगो नसले तरी नोव्हेंबरपासून पुढे पाणी रिकामं नसतं. काळ्याकुळकुळीत अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी शेकड्यांनी असतात. नारिंगी-तपकिरी चक्रवाक जोडीजोडीने फिरतात, चमच्यासारख्या रुंद चोचीचे थापट्या बदक पाण्याचा पृष्ठभाग चाळत असतात, चित्रबलाक, राखी बगळे आणि लांब लाल पायांचे शेकाटे काठाला असतात. पट्टकादंब हा हंसाच्या कुळातला पक्षी हिमालय ओलांडून येतो. त्याच्या पांढऱ्या डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असतात, ते साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. एवढे सगळे पक्षी मुलांना एका दिवसात दाखवायचे नसतात. आधी पाच निवडा: आकाराने मोठे, रंगाने ठळक, एकमेकांपासून वेगळे. एकेक पक्षी एकेका मुलाच्या नावाने करून टाका. 'चक्रवाक तुझा, तो दिसला की तू सांगायचं.' ज्याला काम मिळतं ते मूल पाहतं. यादी वाचून दाखवली की ते फोन मागतं.

रस्त्याबद्दल. पुण्याहून निघताना हडपसरची कोंडी धरून चला. शनिवारी बाराच्या आत किंवा दीडनंतर निघणं त्यातल्या त्यात बरं. मुलांना पोटभर जेवण निघण्याआधी तासभर द्या, गाडीत बसल्यावर नुसतं पाणी आणि कोरडं काहीतरी. गाडी लागणाऱ्या मुलाला समोरच्या काचेतून रस्ता दिसेल अशा मधल्या जागी बसवा आणि पुस्तक किंवा मोबाइल देऊ नका. डोळे स्थिर आणि शरीर हलतंय, या विसंगतीनेच मळमळतं. यवतनंतर चौफुल्याला उजवीकडे वळून सुपं अर्ध्या तासाच्या आसपास. माळावर चारच्या सुमाराला पोहोचायचं आहे. त्याआधी चिंकारे सावलीला बसलेले असतात आणि मुलं उन्हाने हैराण होतात.

सुप्याचा माळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिथे काहीच नाही असं वाटतं. पिवळं गवत, खुरटी बाभूळ-बोर, दगड, मधूनच वनखात्याने लावलेली झाडं. मुलाला आधी सांगून ठेवा की इथे सगळं गवताच्याच रंगाचं आहे, त्यामुळे रंग शोधायचा नाही, हालचाल शोधायची. चिंकारा खांद्याला दोन फुटांच्या थोडा वर, वजनाने विसेक किलो. तो उभा असताना दिसत नाही. काळी आखूड शेपटी सतत झटकत असतो, ती दिसते. नराची शिंगं वळ्यांची आणि उभी, मादीची बारीक आणि आखूड. माणूस दिसला की चिंकारा पुढचा पाय जमिनीवर आपटतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि पळतो. पण पळून थोडं अंतर गेला की थांबतो आणि मागे वळून पाहतो. हे थांबणं ठरलेलं असतं, म्हणून तो पळाला की 'गेला' म्हणून वळू नका. त्याच दिशेने दुर्बीण धरून ठेवा. मुलाला सर्वात चांगला चिंकारा बहुधा या दुसऱ्या क्षणी दिसतो.

चालायचं ते आखलेल्या वाटेनेच, वारा तोंडावर घेऊन. चिमूटभर माती सोडून पाहिलं की वारा कळतो आणि हे काम मुलांना फार आवडतं. गाडीचं दार हळू लावा. उभं राहून पाहण्यापेक्षा बसून पाहा, कारण आडव्या माळावर उभा माणूस फार लांबून दिसतो. लहान मुलाकडून सलग शांतता तीन-चार मिनिटांच्या वर मागू नये. तीन मिनिटं गप्प, मग हळू आवाजात बोलायला मोकळीक, मग पुन्हा तीन मिनिटं, अशी फिरती ठेवली की संध्याकाळ निघते.

मोठी जनावरं दिसेपर्यंत मुलाची नजर त्याच्या उंचीवर असते, म्हणजे जमिनीवर. तिथे भरपूर आहे. चिंकारा ठरावीक जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे एकाच ठिकाणी जुन्या पांढुरक्या आणि नव्या काळ्या लेंड्यांचा थर सापडतो. काळ्या चकचकीत असतील तर जनावर जवळपास फिरतं आहे. लांडग्याच्या किंवा खोकडाच्या (माळावरच्या छोट्या कोल्ह्याच्या) विष्ठेत केस दिसतात. हात लावायचा नाही, काडीनेही उकलायचं नाही, वाकून पाहायचं. वाटेच्या कडेला भुसभुशीत मातीत बोटभर रुंदीचे, नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे असतात. तळाशी मातीत एक किडा जबडे उघडून बसलेला असतो. मुंगी कडेवर आली की माती सरकते, मुंगी घसरते आणि किडा खालून माती उडवून तिला आणखी खाली आणतो. या एका खड्ड्यापाशी मुलं वीस मिनिटं बसतात. बसू द्या. तेवढ्यात चिंकारा येऊन जाईल ही मोठ्यांची काळजी असते, मुलांची नाही.

माळावरचा खरा त्रास कुसळांचा. पावसाळा संपल्यावर गवताची बी टोकदार होते, कापडात घुसते आणि चालताना आत आत सरकत जाते. लोकरी किंवा सैल विणीचे पायमोजे आणि फ्लीसची पँट अजिबात नको. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट, खाली घोट्यापर्यंतचे बूट. सँडल घातलेलं मूल शंभर पावलांत रडायला लागतं. खिशात एक चिमटा आणि एक जुना कंगवा ठेवा. कुसळं गाडीत बसायच्या आधीच काढायची, नाहीतर सीटच्या कापडात जातात आणि पुढचा महिनाभर टोचत राहतात. कपडे मातकट, खाकी, करडे. पांढरा शर्ट माळावर मैलभरावरून चमकतो.

सुपं आवडलं आणि माळाला जास्त वेळ द्यायचा असेल तर इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ इथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. नोंदणी ऑनलाइन होते आणि बरोबर स्थानिक वाटाड्या मिळतो. त्याचं ऐका. धनगरांच्या वाड्यांच्या आसपास लांडगा कुठे उतरतो, तरसाची बीळ कुठे आहे, हे त्याला ठाऊक असतं, आणि कुठे जायचं नाही हेही त्यालाच ठाऊक असतं. पिल्लं असलेल्या बिळापाशी माणसं सारखी आली की मादी पिल्लं दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत पिल्लं दगावतात. बीळ दाखवा असा हट्ट मुलांनी धरला तर मोठ्यांनी तो मोडायचा.

माळावर काही खाऊ नये. हा नियम कडक वाटतो, पण त्यामागे एक सरळ साखळी आहे. सांडलेल्या वेफर्समागे आणि टाकलेल्या चपातीमागे गावातली कुत्री येतात. कुत्री अभयारण्यात रुळली की टोळीने चिंकाऱ्याच्या पाडसांमागे लागतात, जमिनीवरची तितराची, टिटवीची अंडी खातात. लांडगे आणि खोकड यांना कुत्र्यांचे रोग लागतात, तेही याच भेटीगाठींतून. मुलांना भूक लागणारच, म्हणून फाट्यावर गाडीतच खायला द्या आणि माळावर फक्त पाणी न्या. माणशी एक लिटर, मुलासाठीही.

सूर्यास्ताच्या आत बाहेर पडा. इथून भिगवणला जाताना बारामतीवरूनही रस्ता आहे. पण अंधारात अनोळखी रस्त्यापेक्षा चौफुल्याला परत येऊन महामार्ग धरणं बरं. आणि इथे एक धोका आहे. हा सगळा पट्टा उसाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखाने सुरू असतात आणि एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर झुकलेला ऊस, मागचा दिवा बंद किंवा उसाने झाकलेला, अशी वाहनं रात्रभर रस्त्यावर असतात. बैलगाड्याही असतात. ट्रॉलीची मागची बाजू दिसते ती तुम्ही फार जवळ आल्यावर. साठच्या वर जाऊ नका, डाव्या लेनमध्ये पुढचं वाहन जेवढं दिसतं तेवढ्याच वेगाने चला, आणि पहाटे पाण्याजवळच्या आतल्या रस्त्यावर धुकं असेल तर हाय बीम बंद ठेवा. धुक्यात तो उजेड परत डोळ्यांवरच येतो.

आता दुर्बीण. मुलांची निम्मी निराशा दुर्बिणीमुळे होते. 'दिसतंय का?' विचारलं की मूल 'हो' म्हणतं आणि त्याला काळ्या कडांशिवाय काहीच दिसत नसतं. कारण साधं आहे. बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या दोन नळ्या एकमेकींच्या जवळ आणल्या तरी त्यांच्यातलं अंतर 56 मिलिमीटरच्या खाली येत नाही आणि लहान मुलाच्या दोन बुबुळांतलं अंतर त्याहून कमी असतं. विकत घेताना मुलाला दुकानात नेऊन डोळ्याला लावून पाहा. दोन बिजागऱ्यांची छोटी दुर्बीण जास्त मिटते. आकड्यांमध्ये (पहिला किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास) 8×42 मोठ्यांसाठी उत्तम, पण सहाशे-सातशे ग्रॅमचं ते वजन सात वर्षांच्या हाताला पेलत नाही. 8×30 किंवा त्याहून कमी, सहापट मोठं दाखवणारी मिळाली तर त्याहून चांगली. दहापटीची कौतुकाने घेतली जाते, पण डुलत्या होडीत तिच्यातलं चित्र एका जागी ठरतच नाही.

लावायची रीत घरी, गॅलरीतून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचत शिकवा. चष्मा नसेल तर डोळ्याजवळच्या रबरी कडा बाहेर काढायच्या, चष्मा असेल तर आत ढकलायच्या. मग नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक होईल असं पाहायचं. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करायची. मग डावा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करायची. एकदा ही कडी ठरली की पुन्हा फक्त मधलं चाक. कडी कुठल्या खुणेवर आली ती पेनाने नोंदवून ठेवा, कारण एक दुर्बीण दोघांत फिरली की ती हमखास हलते. शेवटचा भाग सगळ्यात कठीण: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण मध्ये आणायची. मुलं दुर्बिणीतून शोधत बसतात आणि आकाशात हरवतात. होडीत दिशा सांगायला घड्याळ वापरा: होडीचं तोंड बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. 'अकरा वाजता, पाण्यात वाकलेला' असं सांगितलं की सगळ्यांच्या माना एकदम योग्य जागी वळतात.

होडी रविवारी सूर्य उगवताना पाण्यात हवी. जानेवारीत तो साधारण सातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे साडेसहाला काठावर. नऊ-दहानंतर वारा सुटतो, लाटा उठतात, पाण्यावर चकाकी येते आणि हवा उन्हाने थरथरायला लागते. तेव्हा निघालेल्यांना लांबून गुलाबी रेघ तेवढी दिसते. भाडं होडीमागे की माणशी, आणि किती वेळ, हे रात्रीच ठरवून घ्या. नाववाले मच्छीमार आहेत. पहाटे जाळी काढून ते तुमच्यासाठी थांबलेले असतात, तेव्हा वेळ पाळा. आणि त्यांना एकच गोष्ट सांगा: सूर्य आमच्या पाठीशी ठेवा. बाकी सगळं त्यांना ठाऊक आहे.

लाइफ जॅकेट मुलाच्या अंगावर घालून, सगळे पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठ्यांचं आहे. पाण्यात मूल खाली जाईल आणि जॅकेट वर राहील. अशा जॅकेटवर मुलाला होडीत घेऊ नका. मुलाच्या वजनाप्रमाणे मिळणारं जॅकेट स्वतःचं विकत घेऊन गाडीत ठेवलेलं सगळ्यात चांगलं. कुठल्याही जलाशयावर ते कामी येतं. मूल मधल्या फळीवर, दोन मोठ्यांच्या मध्ये. टोकावर नाही. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला सरकायचं नाही. थंडी काठावर वाटते त्याच्या दुप्पट पाण्यावर वाजते, म्हणून कान झाकणारी टोपी आणि वाऱ्याला अडवणारं एक जाकीट. ऊन आलं की काढता येईल असं.

मोठा फ्लेमिंगो उभा राहिला तर पाच फुटांपर्यंत भरतो, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाहूनही थोडा उंच. इंजिन बंद झालं आणि नाववाल्याने बांबू टेकला की आधी ऐका. थवा सतत बोलत असतो, कलकल हंसासारखी. मग चोच पाहा. मधोमध वाकलेली, आणि खाताना डोकं उलटं, चोचीची वरची बाजू चिखलात. जीभ पंपासारखी पाणी आत-बाहेर करते आणि चोचीच्या कडेची बारीक चाळण शेवाळ, कवचवाले बारीक जीव अडकवून ठेवते. त्यांच्यातल्या रंगद्रव्यानेच पंख गुलाबी होतात. थव्यात मळकट करडे, काळपट पायांचे पक्षी दिसतील. ती कच्छच्या रणात जन्मलेली आधीच्या हंगामाची पिल्लं. मुलाला सांगा, थव्यातली मुलं शोध. एखादा एका जागी पाय आपटत गोल फिरताना दिसेल. पायाने चिखल ढवळून अन्न वर आणतोय तो. आणि जो गुडघा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नाहीच, घोटा आहे; गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. हे ऐकल्यावर प्रत्येक मूल स्वतःचा घोटा पाहतं.

किती जवळ जायचं, हे मीटरमध्ये सांगता येत नाही, पक्षी सांगतात. डोकी पाण्यात आहेत तोवर सगळं ठीक. कडेच्या पक्ष्यांच्या माना एकामागून एक सरळ झाल्या की त्यांनी तुम्हाला पाहिलं. सगळा थवा एका दिशेला चालायला लागला की तुम्ही जास्त जवळ आलात. होडी इथेच थांबायला हवी, खरं तर थोडी मागे यायला हवी. त्यानंतरची पायरी धावत जाऊन उडण्याची. उडालेल्या थव्याचा काळा-गुलाबी पंख दिसायला विलक्षण असतो, म्हणूनच 'जरा उडवा ना' अशी मागणी होते. तसं करू नये, नाववाल्याला जास्तीचे पैसे देऊन तर मुळीच नाही. सकाळी चार-पाच होड्यांनी तीन-तीनदा उडवलेल्या थव्याचा खाण्याचा वेळ जातो आणि एवढं वजन पाण्यावरून उचलायला लागणारी ताकद जाते. दोन-चार दिवस असं झालं की थवा पलीकडच्या, होडी न पोहोचणाऱ्या काठाला जातो. नुकसान नाववाल्याचंही. मुलांना मानांचं हे वाचन शिकवलं तर तीच पुढे 'थांबा, चालायला लागले' असं ओरडतात, आणि मोठ्यांना ऐकावं लागतं.

परत आल्यावर नाश्ता किंवा जेवण राहत्या घरीच सांगून ठेवा. चिलापी इथली रोजची मासळी, तळलेली किंवा रश्शात, बरोबर भाकरी. रोहू-कटल्याच्या मानाने काटे कमी, तरी मुलाच्या ताटातला मासा मोठ्यांनी सोडवून द्यावा. तिखट कमी करायला आदल्या रात्रीच सांगावं. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं. स्वच्छतागृहाची चौकशी घर ठरवतानाच करा, विशेषतः बरोबर आजी किंवा मुली असतील तर. काठावर तशी सोय गृहीत धरू नका.

होडीत मुलं पाण्यात हात घालणार. घालू द्या, पण नंतर बरोबर नेलेल्या पाण्याने आणि साबणाने धुवा, तोवर खायला देऊ नका. पुण्यातून आणि पिंपरी-चिंचवडमधून मुळा-मुठेत जाणारं सांडपाणी भीमेतून इथेच येऊन थांबतं. काही जागी पाण्यावर हिरवी साय दिसते, जलपर्णी दिसते, वास येतो. चिलापीसारखा कशातही तगणारा, बाहेरून आलेला मासा इथे माजला आणि मूळचे कितीतरी मासे मागे पडले, त्यातही या पाण्याचा वाटा आहे. हे मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. आठ वर्षांच्या मुलाला नकाशावर बोट फिरवून घरापासून फ्लेमिंगोपर्यंत पाण्याची वाट दाखवता येते, आणि ते मूल अपराधी वाटून घेत नाही, सरळ विचारतं: मग ते स्वच्छ का नाही करत? या प्रश्नाचं उत्तर महापालिकांना द्यायचं आहे आणि आपण ते मागायचं आहे.

मुंबईकरांना एवढ्या लांब यायची गरज नाही. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, ऐरोलीहून वनविभागाची बोट आहे, पण तिथे वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरते. ओहोटीला बोट चिखलात रुतेल. आधी भरतीचं वेळापत्रक पाहा, मग बुकिंग. मुलं चालणारी असतील तर पनवेलजवळचं कर्नाळा. नाशिककरांसाठी निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा जलाशय. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 साली जाहीर झालेलं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, त्यामुळे होडीची भीती वाटणाऱ्या मुलाला ते जास्त सोयीचं. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट आहेत आणि तिथेही सुप्याचेच सगळे नियम चालतात.

उजनीला एकदा उन्हाळ्यातही जावं, मुलं थोडी मोठी झाल्यावर, मे महिन्यात, एका पहाटेपुरतं. जिथे होडी फिरली तिथे माणसं गाळपेर, म्हणजे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीत पिकं घेत असतात. पाणी फार खाली गेलं असेल तर पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, जे धरण भरल्यापासून बहुतेक काळ पाण्याखाली असतं. इथे गाव होतं, ते उठलं, म्हणून पुढे सगळं झालं, हे मुलाला त्या दगडांपाशी उभं करून सांगता येतं. फ्लेमिंगो बहुतेक गेलेले असतात, पण नदी सुरय आणि पाणभिंगऱ्या यांची घरटी बेटांवर असतात. घरटी म्हणजे काय, वाळूत नुसता खळगा आणि वाळूच्याच रंगाची दोन-तीन अंडी. त्यामुळे बेटावर उतरू नका, मुलांनाही उतरू देऊ नका. पायाखाली अंडी दिसत नाहीत, आणि तुम्ही तिथे उभे असाल तोवर पक्षी वर घिरट्या घालत राहतात, खाली सावली धरायला कोणी नसतं. मेच्या उन्हात त्या अंड्यांना काही मिनिटं पुरतात.